जुन्या पिकअपचे टेंपरेचर आणि डिझेलचे काटे मधूनच पडतात: मीटर बदलू की वायरिंग शोधू?

पिकअपवाला_बावडा

नमस्कार मंडळी. गाडी २००४ ची, सिंगल केबिन डिझेल पिकअप, १२ व्होल्ट. जुना यांत्रिक पंप आहे, इंजिन बंद करायला ओढायची केबल. मीटरमध्ये केबलवर चालणारा स्पीडोमीटर, टेंपरेचर आणि डिझेलचा प्रत्येकी एक काटा, बाकी ऑइल, चार्जिंग, अप्पर (हेडलाइटचा लांब झोत) आणि इंडिकेटरचे दिवे.

तक्रार अशी आहे की टेंपरेचर आणि डिझेल, दोन्ही काटे चालता चालता खाली बसतात. खड्डा किंवा स्पीडब्रेकर लागला की जास्तच. थोडं पुढं गेलं की आपोआप हळूहळू वर येतात. रात्री मात्र उलटं होतं. हेडलाइट लावली की दोन्ही काटे असायला पाहिजेत त्यापेक्षा वर सरकतात, आणि इंडिकेटर दिला की हलायला लागतात. त्यात डिझेलच्या काट्याचं आणखी वेगळंच. टाकी फुल केली तरी पाऊणच्या वर जात नाही, अर्ध्यावर आला की अडकून बसतो आणि मग थेट रिकामा दाखवतो. स्पीडोमीटर व्यवस्थित आहे.

फ्यूज सगळे काढून बघितले, शाबूत आहेत. टेंपरेचरचा सेन्सर नवीन टाकला, फरक काहीच नाही. एका गॅरेजमध्ये पूर्ण मीटरच बदला म्हणाले. गाडी माल घेऊन गगनबावड्याच्या बाजूला जाते, परतीला करूळ घाट लोड घेऊन चढायचा असतो. टेंपरेचरच्या काट्यावर भरवसा नसेल तर इंजिनचं काही खरं नाही. सुरुवात कुठून करावी?

उद्यमनगर_वायरिंग

मीटर अजिबात बदलू नका, निदान आत्ता तरी नको. जुन्या बाजारातून आणलेलं मीटरही वीस वर्षं जुनंच असणार, त्याच्या मागचं फॉइलही (तांब्याच्या रेघांची पातळ पट्टी) तेवढंच पिचलेलं असणार.

दोन काटे एकाच वेळी पडतात याचा अर्थ दोष दोघांच्या सामाईक वाटेवर आहे. टेंपरेचरचा सेन्सर इंजिनवर, डिझेलचा फ्लोट (तरंगून पातळी सांगणारा भाग) टाकीत. हे दोन्ही एकाच खड्ड्यात एकाच क्षणी बिघडतील असं होत नाही, म्हणून सेन्सर बदलून फरक पडला नाही. दोघांत सामाईक गोष्टी तीनच: इग्निशनवरून मीटरला येणारा करंट, मीटरच्या मागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर आणि मीटरची अर्थ (करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायची वाट). स्पीडोमीटर केबलवर आहे, त्याचा विजेशी संबंध नाही, तो बाजूला ठेवा.

तुमच्या वर्णनावरून हे काटे गरम होऊन वाकणाऱ्या पट्टीचे दिसतात. आत दोन धातूंची चिकटवलेली पट्टी आणि तिच्यावर गुंडाळलेली बारीक वायर असते. करंट गेला की पट्टी तापते, वाकते आणि काटा ढकलते. म्हणून तो हळूहळू वर येतो. या काट्यांना बॅटरीचा १२ ते १४ व्होल्ट थेट देत नाहीत, नाहीतर इंजिनचा वेग बदलला की रीडिंग बदलेल. मधे स्टॅबिलायझर असतो, तो आतला कॉन्टॅक्ट उघडझाप करून सरासरी ठरावीक व्होल्टेज देतो. बऱ्याच जुन्या मीटरमध्ये ते १० व्होल्ट असतं, पण सगळीकडे नाही. डब्यावर लिहिलेला आकडा बघा.

आता तुमची लक्षणं याच्याशी जुळवू. दोन्ही काटे खाली पडणं म्हणजे काट्यांपर्यंत करंट पोचत नाही. दोन्ही काटे वर सरकणं म्हणजे काट्यांना जास्त व्होल्टेज मिळतंय. ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकच समजून शोधत बसलात तर डोकं फिरेल.

रात्री वर सरकण्याचं कारण बहुतेक अर्थ. मीटरच्या उजेडाचे बल्ब, इंडिकेटरचा दिवा आणि स्टॅबिलायझर हे सगळे एकाच अर्थच्या पिनेतून परत जातात. उजेडाचे ३ वॅटचे चार-पाच बल्ब धरले तर साधारण एक अँपिअर करंट होतो. त्या पिनेत गंजामुळं एक ओहम जरी आडवा आला तरी मीटरची अर्थ बॉडीपेक्षा एक व्होल्टनं वर उचलली जाते. स्टॅबिलायझर आपले १० व्होल्ट स्वतःच्या अर्थपासून मोजून देतो, सेन्सर मात्र थेट इंजिनला आणि चासीला अर्थ आहेत. त्यामुळं काट्यांना १० च्या जागी ११ मिळतात आणि काटे वर जातात. इंडिकेटरचा बल्ब लागला-विझला की तेच कमीजास्त होतं.

काही खोलण्याआधी एवढं बघून सांगा:

काटे पडलेले असतानाच गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करून चावी परत ऑन करा, स्टार्टर मारू नका. ऑइल आणि चार्जिंगचे लाल दिवे लागतात का? चावी स्विचमध्ये हलकी हलवली, जुडगा खाली ओढला तर काटे किंवा दिवे जातात-येतात का? रात्री मीटरचा उजेड मंद वाटतो का? आणि गाडी कधी पाण्यात उभी होती का, विशेषतः ऑगस्ट २०१९ किंवा जुलै २०२१ च्या महापुरात? पुराच्या पाण्यात कपलर (वायरी जोडणारे प्लग) बुडाले असतील तर पिनांवर हिरवा गंज वर्षानुवर्षं वाढत राहतो, वरून काही दिसत नाही.

पिकअपवाला_बावडा

दादा, सगळं बघितलं. काटे पडलेले असताना चावी ऑन केली तर ऑइल आणि चार्जिंग, दोन्ही दिवे नेहमीसारखे लख्ख लागतात. चावी हलवून, ओढून बघितली, काही फरक नाही. मीटरचा उजेड मंद आहे, एका बाजूला तर फारच. २०१९ ला पाणी सीटपर्यंत नव्हतं आलं, पण केबिनच्या फरशीवर आलेलं. मीटरपर्यंत नाही.

उद्यमनगर_वायरिंग

म्हणजे इग्निशन स्विच आणि फ्यूज संशयातून सुटले. ऑइल आणि चार्जिंगचे दिवे त्याच इग्निशनच्या करंटवर लागतात, पण त्यांची अर्थ मीटरमधून जात नाही. एकाची ऑइल स्विचमधून इंजिनला, दुसऱ्याची अल्टरनेटरमधून. ते लख्ख लागतात म्हणजे करंट मीटरच्या कपलरपर्यंत पोचतोय. काटे पडण्याचं कारण कपलरच्या पुढं, मीटरच्या मागच्या फॉइलवर किंवा स्टॅबिलायझरच्या जोडात आहे. मंद उजेडावरून अर्थचाही संशय पक्का झाला.

आता मीटर बाहेर काढा. बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा, १० चा पाना. मीटरच्या चौकटीचे स्क्रू काढा, मग मीटर थोडं पुढं ओढून मागं हात घालून स्पीडोमीटरची केबल सोडवा. केबल आखूड वाटली तर ओढाताण करू नका, गिअरबॉक्सच्या बाजूनं सैल करून थोडी वर ढकला. केबल तुटण्यापेक्षा तिच्या जोरात फॉइलच फाटण्याची भीती जास्त. कपलर काढण्याआधी फोटो काढा, वायर ओढून काढू नका, कपलरची कडी दाबून काढा.

मागं पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीवर तांब्याच्या रेघा दिसतील, तेच फॉइल. तीन जागा नीट बघा. कपलर बसतो तिथं फॉइलच्या जिभा करपून तपकिरी झाल्यात का, उचलल्यात का. काट्यांच्या मागचे पितळी नट सैल आहेत का, कारण फॉइल त्या नटांनीच काट्यांना जोडलेलं असतं, आणि धक्क्यानं काटे पडणारे बरेच मीटर नुसत्या नट आवळण्यानं सुधारतात. नट हलक्या हातानं आवळा, आतला बोल्ट फिरला तर काट्याची बारीक वायर तुटते. तिसरी जागा स्टॅबिलायझर. तो बहुतेक वेळा दोन-तीन जिभांनी क्लिपमध्ये खोचलेला असतो आणि एका स्क्रूनं बसवलेला. क्लिप सैल असेल तर प्रत्येक खड्ड्याला जोड सुटतो.

साफसफाईला पॉलिश पेपर वापरू नका. तांबं फार पातळ असतं, दोनदा घासलं की संपलं. पेन्सिलीचा खोडरबर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मारून सोडून देणंही बरोबर नाही, त्यावर धूळ बसते.

करवीर_डिझेल

वरच्या उत्तराला जोड म्हणून दोन गोष्टी, कारण इथंच लोक नुकसान करून घेतात.

पहिली, काटा तपासायला सेन्सरची वायर काढून अर्थला लावायची पद्धत. पद्धत बरोबर आहे: टेंपरेचरची वायर मोकळी सोडली की काटा थंडकडं जातो, अर्थला लावली की गरमकडं पूर्ण जातो. पण या पट्टीच्या काट्याला वायर थेट अर्थला लावून धरली तर आतली वायर गरजेपेक्षा जास्त तापते, पट्टी वाकडी होते आणि काटा कायमचा चुकीचा दाखवायला लागतो. मधे १० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर घाला, किंमत अगदी किरकोळ. काटा गरमच्या दिशेनं निघाला की लगेच सोडा. शेवटपर्यंत जायची वाट बघू नका. आणि सेन्सरला किंवा टाकीच्या फ्लोटला बॅटरीचा करंट थेट द्यायचा नाही, फ्लोटची रेझिस्टन्स वायर क्षणात जळते.

दुसरी, नवीन टाकलेल्या सेन्सरबद्दल. एका वायरचा सेन्सर आपल्या आट्यांतून इंजिनला अर्थ होतो. बसवताना आट्यांना टेफ्लॉन टेपचे भरमसाट वेढे घातले असतील तर अर्थ बिघडू शकते. वायर काढा, मल्टीमीटर ओहमवर ठेवा, एक टोक सेन्सरच्या पिनेला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला. इंजिन थंड असताना काही शे ओहम, तापलं की उतरत जाऊन दोन आकडी ओहमांवर, हे दिसलं पाहिजे. सेन्सरच्या षटकोनाला टोक लावून वेगळं आणि बॅटरीला लावून वेगळं आलं तर इंजिनची अर्थ पट्टी तपासा. हे बघून घेतलंत की त्या बाजूची शंका संपली.

आणि दुरुस्ती होईपर्यंत लोड घेऊन घाट चढायचा असेल तर एक साधा यांत्रिक टेंपरेचर मीटर लावा, द्रव भरलेली बारीक तांब्याची नळी असलेला. त्याला वीज लागत नाही. काटा शून्यावर बसलाय आणि इंजिन उकळतंय हे कळेपर्यंत हेड गॅस्केट गेलेली असते. ते काम या सगळ्या वायरिंगच्या कितीतरी पट महाग. यात हलगर्जी नको.

घाटवाट_लोडर

एक प्रश्न. मीटरच्या मागं ट्रॅकर, म्युझिक सिस्टिम, रिव्हर्स हॉर्न असं काही जोडलंय का? फायनान्सच्या गाड्यांना ट्रॅकर बसवताना मीटरच्या इग्निशन वायरलाच दात असलेली क्लिप चावून करंट घेतात. ती क्लिप मूळ वायरीच्या काही तारा कापते आणि उरलेल्या धक्क्यांनी तुटत जातात. वायर सोलून, पिळून वर टेप मारलेला जोडही तसाच, पावसाळ्यात आत ओल शिरते. गगनबावड्याच्या पावसात तर विचारूच नका. असे जोड दिसले तर पहिलं काम तेच: कापून, डाग देऊन (सोल्डर करून), वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी).

पिकअपवाला_बावडा

ट्रॅकर होता, आता नाही. क्लिप मात्र तिथंच होती, ती काढून वायर डाग देऊन जोडली.

मीटर बाहेर काढलं. अर्थच्या काळ्या वायरीची पिन तपकिरी झालीय, फॉइलची जीभही तिथं करपलेली आणि थोडी उचललेली. स्टॅबिलायझर बोटानं हलवला तर क्लिपमध्ये हलतो. पितळी नटांपैकी टेंपरेचरच्या मागचा एक सैल होता. आता हे सगळं आवळून, घासून बसवू का? की आधी मोजू?

उद्यमनगर_वायरिंग

आधी मोजा. हलवून बसवलं की दोष तात्पुरता जातो आणि नक्की कुठला होता ते कळत नाही. मग पुढच्या पावसात पुन्हा तेच.

कपलर परत लावा, मीटर जाड कापडावर डॅशबोर्डला टेकवून ठेवा, फॉइल कुठल्या धातूला लागू देऊ नका. बॅटरी जोडा. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर, इंडिकेटर सगळं लावा. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर. काळं टोक लांब वायर लावून थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल टोक मीटरच्या फॉइलवरच्या अर्थच्या रेघेवर. इथं ०.१ व्होल्टच्या आत आलं तर उत्तम, ०.२ पर्यंत चालवून घेता येईल, अर्ध्याच्या वर गेलं तर दोष सापडला. मग लाल टोक काळ्या वायरीच्या बाजूच्या पिनेवर सरकवा. दोन्हींत जो फरक येईल तो त्या पिनेच्या जोडाचा.

लोड लावूनच मोजायचं, हे महत्त्वाचं. सगळं बंद ठेवून मोजलं तर सडलेली पिनही चांगली दिसते, कारण मल्टीमीटर करंट ओढतच नाही. करंट वाहत असेल तरच गंजावर व्होल्टेज पडतं.

तसंच करंटच्या बाजूनं: लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळं मीटरच्या इग्निशनच्या रेघेवर. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ती वायर सोडून द्या. बॅटरीवर ओझरतं चार्जिंगही बघून घ्या, थोडा रेस देऊन १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवं.

स्टॅबिलायझरचं आउटपुट डिजिटल मीटरवर मोजू नका, आकडे शून्य ते बारा उड्या मारतात आणि लोक घाबरून तो फेकून देतात. उड्या मारणं हेच त्याचं काम. बारीक टेस्ट लॅम्प लावा, चावी ऑन केल्यावर क्षणभर सलग लागून मग लुकलुकायला लागला तर तो जिवंत आहे. मग त्याला बोटानं हलवत राहा. हलवताना लॅम्प पूर्ण विझला तर क्लिपचा जोड सैल. न विझता सलग लागून राहिला तर स्टॅबिलायझरची अर्थ सुटतेय किंवा आतला कॉन्टॅक्ट चिकटलाय.

पिकअपवाला_बावडा

मोजलं. मीटरच्या अर्थच्या रेघेवर सगळं लावून १.४ व्होल्ट. काळ्या वायरीच्या पिनेवर ०.१. करंटच्या बाजूला ०.३. चार्जिंग १४.१. टेस्ट लॅम्प लुकलुकतो, स्टॅबिलायझर हलवला की विझतो.

उद्यमनगर_वायरिंग

झालं, दोन्ही दुखणी उघडी पडली. १.४ मधले १.३ व्होल्ट एकट्या त्या करपलेल्या पिनेवर पडतायत. बॉडीकडची काळी वायर चांगली आहे, तिला हात लावू नका.

उचललेली जीभ परत चिकटवून टिकत नाही. कपलरच्या जवळ पण करपलेल्या भागाच्या मागं, अर्थच्या रेघेवरचा जो रुंद, चांगला भाग असेल तिथं एक चौरस मिमीची काळी वायर डाग देऊन लावा. डाग द्यायची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) २५ ते ३० वॅटची, डाग दोन-तीन सेकंदांत उरका. जास्त धरली तर प्लॅस्टिक वितळून रेघ वेगळी होते. जिथं अर्थच्या रेघेवर पितळी नट असेल तिथं डागाऐवजी रिंगची थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) लावून नटाखाली दाबलीत तर आणखी बरं. दुसरं टोक डॅशबोर्डच्या मागच्या लोखंडी पट्टीवर ६ मिमीच्या बोल्टखाली. तिथला रंग खरवडून पांढरं लोखंड दिसू द्या, खरबरीत वॉशर घाला, आवळल्यावर वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस. आधी ग्रीस लावून मग आवळायचं नाही. पुढं कधी मीटर काढावं लागेल म्हणून त्या वायरीत एक साधा कपलर ठेवा.

स्टॅबिलायझरच्या क्लिपा बारीक नोज प्लायरनं किंचित दाबून घट्ट करा, जिभा खोडरबरानं घासा. क्लिप तुटायला आलेली असेल तर जिभेला थेट वायर डाग देऊन फॉइलच्या पुढच्या नटावर न्या. स्टॅबिलायझर ज्या स्क्रूनं बसलाय तोही आवळा, बऱ्याच मीटरमध्ये त्याची अर्थ त्या स्क्रूमधूनच असते.

करवीर_डिझेल

पुढंमागं स्टॅबिलायझर खरंच मेला आणि मिळाला नाही तर ७८१० नंबरचा रेग्युलेटर आयसी लावता येतो. सलग १० व्होल्ट, एक अँपिअरपर्यंत, दोन काट्यांना भरपूर. इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आयसीच्या पायांजवळच. त्याची धातूची पाठ अर्थच असते, ती अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर आवळून बसवली की थंडही राहतो. जुन्या डब्यावर १० लिहिलेलं असेल तरच हा. आणि इंजिन बंद असताना बॅटरी १२ च्या खाली असेल तर काटे थोडे कमी दाखवतील, कारण या आयसीला इनपुट साधारण दोन व्होल्टनं वर लागतं. इंजिन सुरू झालं की बरोबर येतात.

पिकअपवाला_बावडा

वायर घातली, क्लिपा घट्ट केल्या. अर्थच्या रेघेवर सगळं लावून आता ०.०५ व्होल्ट. टेंपरेचरचा काटा एका जागी ठाम, हेडलाइट-इंडिकेटरनं हलत नाही, खड्ड्यात पडत नाही. मीटरचा उजेडही वाढलाय. मनापासून आभार.

डिझेलचा काटा मात्र फुलला पाऊणच आणि अर्ध्यावर अडकणं तसंच.

शिरोली_फिटर

आता एकच काटा उरला म्हणजे दोष टाकीकडचा. त्यातही दोन भाग आहेत.

फुल टाकीला पाऊण दाखवणं: बऱ्याच गाड्यांत टाकी भरली की फ्लोटचा रेझिस्टन्स सगळ्यात कमी होतो. त्या वाटेत गंजाचे दहा-वीस ओहम वाढले तर काटा वरपर्यंत पोचत नाही, आणि चूक फुलजवळच जास्त दिसते. टाकी चासीखाली असते, चिखल, शेणखत, उसाचा पाला सगळं तिथं साचतं. २०१९ ला पाणी केबिनच्या फरशीपर्यंत आलं असेल तर टाकी पूर्ण बुडाली होती हे नक्की. टाकी फुल असताना टाकीवरच्या युनिटच्या (फ्लोट ज्याला जोडलेला असतो तो भाग) लोखंडी कडेला, गंज खरवडून, एक तात्पुरती वायर लावा आणि चासीच्या खरवडलेल्या जागेवर न्या. मिनिटभरात काटा वर गेला तर अर्थ गेलीय. कायमची १.५ चौरस मिमीची वायर टाका. काटा हलला नाही तर युनिटच्या पिनेवरची थिंबल बघा, तिच्या आत पांढरी-हिरवी पूड असेल.

अर्ध्यावर अडकून एकदम रिकामा: हे युनिट बाहेर काढूनच कळेल. आत बारीक रेझिस्टन्स वायरीवरून एक पत्र्याचं बोट सरकतं. गाडी बहुतेक वेळ अर्ध्याच्या आसपास डिझेलवर चालवली जाते, त्यामुळं तेवढाच पट्टा झिजतो. डिझेल अर्ध्याच्या बरंच खाली येऊ द्या. टाकीच्या वरचा भाग आधी धुवून, ब्रशनं साफ करून वाळवा, नाहीतर युनिट उचलताच सगळी माती आत जाईल आणि डिझेल फिल्टर तुंबेल. बॅटरी सोडा, जवळ बिडी-काडी नको. लॉक रिंग असेल तर लाकडी किंवा पितळी तुकड्यानं ठोकून फिरवा, लोखंडी छिन्नी नको. युनिट तिरपं करून काढा, दांडी वाकली तर सगळं माप चुकतं.

बाहेर आल्यावर फ्लोट कानाजवळ हलवा. आत डिझेलचा आवाज आला तर फ्लोट भोक पडून जड झालाय, तोही फुलला कमी दाखवायचं कारण. मग मल्टीमीटर ओहमवर ठेवून दांडी अगदी सावकाश वरखाली करा. आकडा सलग बदलला पाहिजे.

पिकअपवाला_बावडा

तात्पुरती अर्थ लावली, काटा फुलवर गेला. कायमची वायर टाकली. नंतर डिझेल उतरल्यावर युनिट काढलं. फ्लोट कोरडा आहे. दांडी हलवताना मधे एका जागी आकडा जातो, मीटर अनंत दाखवतं, पुढं परत येतो. त्या जागी वायरीवर चकाकणारी खाच दिसते. बोट थोडं दाबून चालेल का?

शिरोली_फिटर

तिथं वायर तुटलेली नसेल, नुसती झिजून खोल गेली असेल तर बोट किंचित बाजूला वाकवून न झिजलेल्या रेषेवरून सरकवता येतं. अर्धा मिमी पुरतो. पण तुमचा आकडा पुढं परत येतोय, म्हणजे वायर सलग आहे आणि फक्त खाचेत बोट टेकत नाही. म्हणून हे करून बघण्यासारखं आहे. बोट दाबू नका, दाब वाढवला की राहिलेली वायरही लवकर कापली जाते. बाजूला वाकवल्यावर दांडी खाली, मधे, वर अशी सावकाश फिरवून आकडा कुठंही जात नाही याची खात्री करा.

आकडा तरीही गेला तर युनिट नवीन घ्या, पण घेताना जुनं सोबत न्या. दांडीची लांबी, बोल्टची जागा आणि रिकामा-फुलचे ओहम, तिन्ही जुळले पाहिजेत. दिसायला सारखी पण उलट मापाची युनिटं मिळतात, ती लावली की फुल टाकीला काटा रिकामा दाखवतो. दुकानातच मीटर लावून दोन्ही टोकं मोजून घ्या.

बसवताना रबर सील नवीनच टाका, जुनं फुगून आखडलेलं असतं आणि पावसाचं पाणी तिथूनच टाकीत जातं. डिझेलचा वास येत नाही हे टाकी फुल केल्यावर तपासा, अर्ध्या टाकीला गळती कळत नाही.

उद्यमनगर_वायरिंग

आणि पहिल्या पावसानंतर मीटरच्या नव्या अर्थवर, टाकीच्या अर्थवर तोच व्होल्टेजचा हिशेब एकदा परत लावा. ०.०५ चं ०.३ झालं असेल तर बोल्ट सोडून परत खरवडा, काटे हलायची वाट बघू नका.